‘यूज्ड टू’ नीट कसं लिहायचं? अर्ज, पत्र आणि परीक्षेसाठी

इंग्रजीत स्वतःबद्दल चार ओळी लिहायची पहिली वेळ आपल्याकडच्या बहुतेक मुलांवर येते ती एखाद्या अर्जातच. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बाहेरच्या कॉलेजातला प्रवेश किंवा पहिली नोकरी. मीही बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आता आमच्या भागातल्या मुलामुलींचे असे अर्ज, पाठवण्याआधी वाचून देतो. आपल्या अर्जांत घरची परिस्थिती येते, आधी कसं होतं आणि आता कसं आहे ते येतं. त्यामुळे ‘यूज्ड टू’ हे शब्द येतातच. आणि चुकतात तेव्हा नुसतं व्याकरण चुकत नाही, माहितीच चुकीची जाते. आईवडील आजही ऊसतोडीला जातात आणि अर्ज वाचणाऱ्याला वाटतं, ते काम कधीच सुटलं. हे टळावं म्हणून हा लेख.

इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे आधी कानाला बसतील. वहीत उतरवताना मात्र ती रोमन लिपीतच लिहा.

काय काय लागेल

- एक वही आणि दोन रंगांचे पेन.
- तुम्ही आधी लिहिलेला एखादा इंग्रजी अर्ज किंवा निबंध. नवीन लिहू नका, जुनाच घ्या. आपल्या सवयी त्यातच दिसतात.
- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी. दोन्ही मोबाइलवर फुकट बघता येतात. ‘यूज्ड’ शोधलंत की दिसेल, ‘पूर्वी करायचो’ आणि ‘सवय असणे’ या अर्थांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत.

१. आधी मराठी वाक्य पूर्ण लिहा आणि त्याचा शेवट बघा

डोक्यात अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी ठेवून लिहायला बसलं की गोंधळ होतो. म्हणून म्हणायचं आहे ते आधी मराठीत, तुम्ही घरी बोलता तसं लिहा. ही तीन वाक्यं बघा:

बाबा ऊस तोडायचे.
बाबांना ऊस तोडायची सवय आहे.
ऊस तोडायला कोयता वापरतात.

मराठीत ही तीन वाक्यं कुणी एकमेकांत मिसळणार नाही. पहिलं पूर्वीचं काम सांगतं, दुसरं अंगात मुरलेली सवय, तिसरं अवजाराचा उपयोग. इंग्रजीत मात्र तिन्हीकडे ‘यूज्ड टू’ येतं:

माय फादर यूज्ड टू कट शुगरकेन.
माय फादर इज यूज्ड टू कटिंग शुगरकेन.
अ कोयता इज यूज्ड टू कट शुगरकेन.

आता ही तिन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक वाक्यात दोनच जागांना रंग द्या: ‘यूज्ड’च्या आधीचा शब्द आणि ‘टू’च्या नंतरचा शब्द.

पहिल्यात ‘यूज्ड’च्या आधी थेट कर्ता आहे, मध्ये ‘इज’, ‘ॲम’, ‘वॉज’ काहीच नाही. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप आहे: कट.

दुसऱ्यात मध्ये ‘इज’ आहे आणि ‘टू’नंतर आयएनजी लागलेलं रूप: कटिंग.

तिसऱ्यात ‘इज’ आहे, पण ‘टू’नंतर पुन्हा मूळ रूप. इथं कर्ता माणूस नसून वस्तू आहे.

शब्द जवळपास तेच आहेत, पण एक ‘इज’ आणि एक आयएनजी अर्थ पूर्ण फिरवतात. ‘माय फादर इज यूज्ड टू कट शुगरकेन’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला अर्थ लागतो की ऊस तोडायला वडिलांना अवजारासारखं वापरतात. आपल्या माणसाबद्दल असं वाक्य कागदावर जाऊ नये. अर्ज वाचताना मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

अर्ज मराठवाड्याबाहेर जाणार असेल तर ‘कोयता’ शब्द काढू नका. पहिल्यांदा येईल तिथं ‘अ सिकल कॉल्ड कोयता’ असं लिहा आणि पुढं बिनधास्त ‘कोयता’ म्हणा.

२. ‘पूर्वी होतं’ यात ‘आता नाही’ हेही आलं

‘करायचो’, ‘जायचे’, ‘असायचं’ अशा शेवटाच्या मराठी वाक्यांना ‘यूज्ड टू’ बरोबर बसतं. काम असो वा स्थिती, दोन्हीला चालतं.

मराठवाडा यूज्ड टू बी पार्ट ऑफ हैदराबाद स्टेट. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आज नाही. म्हणून ‘यूज्ड टू बी’.

अंबाजोगाई यूज्ड टू बी कॉल्ड मोमिनाबाद. तेव्हा ते नाव होतं, आता नाही. तुमच्या आजोबांच्या जुन्या कागदपत्रांवर मोमिनाबाद असेल आणि तुमच्या दाखल्यावर अंबाजोगाई, तर खुलाशाच्या पत्रात हेच वाक्य लागेल.

निजामाच्या काळात आपल्याकडे राज्यकारभाराची आणि बहुतेक शिक्षणाची भाषा उर्दू होती. पणजोबा उर्दूतून शिकले असं सांगायचं असेल तर: इन दोज डेज, चिल्ड्रन यूज्ड टू स्टडी इन उर्दू.

वाचणारा मनातल्या मनात ‘पण आता तसं नाही’ हे जोडूनच हे वाक्य वाचतो. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ही गोष्ट आता खरोखर थांबली आहे का? ‘माय मदर यूज्ड टू वर्क ॲज अ फार्म लेबरर’ म्हणजे आई आता रोजंदारीला जात नाही. जात असेल तर ‘माय मदर वर्क्स ॲज अ फार्म लेबरर’. आर्थिक मदतीचा निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला हा फरक फार मोठा आहे. परिस्थिती आजची असेल तर ती आजच्या काळातच लिहा, लाजू नका.

३. रोजच्या सवयीला ‘यूज टू’ लावू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. ‘मी रोज पाचला उठतो’ याचं इंग्रजी करताना मुलं लिहितात: आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह. त्यांच्या मनात हिशोब असा असतो की ‘यूज्ड टू’ भूतकाळ, म्हणजे डी काढली की वर्तमानकाळ झाला. तर्क चांगला आहे, पण इंग्रजीत असा वर्तमानकाळ नाहीच. या अर्थानं ‘यूज्ड टू’ फक्त भूतकाळात असतं.

आजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: आय गेट अप ॲट फाइव्ह. ‘बहुतेक वेळा’ म्हणायचं असेल तर ‘युज्वली’ घाला: आय युज्वली गेट अप ॲट फाइव्ह. मुलाखतीत स्वतःची ओळख देतानाही हेच: आय डू योगा एव्हरी मॉर्निंग. ‘आय यूज टू डू योगा’ नाही.

आपली मुलं इथं का अडकतात ते मला कळतं. मराठीत ‘मी करत असतो’ आणि ‘मी करत असे’ अशी जोडी आहे, दोन्ही काळांत एकच घडण. इंग्रजीत ती जोडी अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी आपण नकळत बनवतो. भूतकाळासाठी ‘यूज्ड टू’, वर्तमानासाठी साधं क्रियापद, एवढं पाठ केलंत तरी अर्ध्याहून जास्त चुका जातील.

४. किती वर्षं, किती वेळा, कधी हे सांगितलं की साधा भूतकाळ

‘आय यूज्ड टू लिव्ह इन लातूर फॉर थ्री इयर्स’ हे वाक्य फार वेळा दिसतं. अकरावी-बारावीला लातूरला राहिलेली मुलं आपल्याकडे इतकी आहेत की ते दिसणारच. पण तीन वर्षं म्हटलं की काळ मोजला, आणि मोजलेल्या काळाला साधा भूतकाळ लागतो: आय लिव्ह्ड इन लातूर फॉर थ्री इयर्स. वर्षं सांगायची नसतील तर ‘आय यूज्ड टू लिव्ह इन लातूर’ बरोबर आहे.

‘किती वेळा’चंही तसंच. आय व्हिजिटेड वेरूळ ट्वाइस. इथं ‘यूज्ड टू व्हिजिट’ नको.

एकदाच घडलेल्या घटनेला तर नाहीच नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला: ॲन अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी इन १९९३.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. गाड्या अनेक वेळा आल्या, तरी वर्ष सांगून तो काळ आपण बंद केला. म्हणून: इन २०१६, ट्रेन्स ब्रॉट वॉटर फ्रॉम मिरज टू लातूर.

‘लहानपणी’, ‘शाळेत असताना’ अशा सैल काळाला मात्र ‘यूज्ड टू’ छान बसतं: व्हेन आय वॉज इन स्कूल, वी यूज्ड टू फेच वॉटर फ्रॉम द वेल.

आणि ‘पासून’ आलं की वेगळाच काळ. ‘२०१९ पासून मी नांदेडला राहतो’ म्हणजे आजही राहतो: आय हॅव लिव्ह्ड इन नांदेड सिन्स २०१९. ‘सिन्स’ आणि ‘यूज्ड टू’ एका वाक्यात दिसले की लगेच थांबा.

५. सवय असणे, अंगवळणी पडणे

आता ‘ॲम यूज्ड टू’. यातला ‘टू’ वेगळा आहे. त्याच्यापुढं नाम लागतं: आय ॲम यूज्ड टू द हीट. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसानं पुण्या-मुंबईत बिनघोर म्हणावं असं वाक्य. नामाच्या जागी क्रियापद आणायचं तर त्याला आयएनजी लावून नामासारखं करायचं: आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द हीट.

कुठलंही वाक्य तपासायची युक्ती: ‘टू’नंतर एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’ चालतं, म्हणजे तिथं आयएनजी येणार. ‘आय यूज्ड टू द हीट’ चालत नाही, म्हणजे तिथं मूळ क्रियापदच हवं. ही युक्ती पत्राच्या शेवटच्या ओळीलाही उपयोगी पडते. ‘आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ चालतं, मग क्रियापद घेतलं तर ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. तिथं ‘टू हिअर’ लिहू नका.

सवय लागण्याची क्रिया, म्हणजे आपण ‘अंगवळणी पडणे’ म्हणतो ती, सांगायला ‘गेट’ वापरा: आय ॲम गेटिंग यूज्ड टू होस्टेल फूड. आय विल सून गेट यूज्ड टू द न्यू टाइमिंग्ज. इथं काळ हवा तसा बदलता येतो: वॉज यूज्ड टू, गॉट यूज्ड टू, विल गेट यूज्ड टू. ‘यूज्ड’ मात्र कधी बदलत नाही, त्याची डी तशीच राहते.

आपल्याकडे ‘सवय’साठी अजून दोन वाक्यं चालतात. ‘आय ॲम हॅबिच्युअल ऑफ’ हे चूकच आहे. ‘आय ॲम हॅविंग अ हॅबिट ऑफ’ हे मराठीवरून उतरवलेलं आहे. दोन्हीच्या जागी ‘आय ॲम यूज्ड टू’ लिहा. ‘आय ॲम हॅबिच्युएटेड टू’ चूक नाही, पण जड वाटतं.

६. डी कधी राहते, कधी जाते

‘यूज्ड टू’ बोलताना डी ऐकूच येत नाही, कारण पुढचा टी तिला गिळतो. कानाला ‘यूस्टू’ असंच येतं. ऐकून लिहिणारा म्हणून डी विसरतो. साध्या विधानात ती हवीच: वी यूज्ड टू.

प्रश्नात आणि नकारात ‘डिड’ आला की भूतकाळ त्यानं उचलला, मग डी जाते: डिड यू यूज टू लिव्ह इन हिंगोली? वी डिडन्ट यूज टू हॅव इलेक्ट्रिसिटी. इथंही काही जण डी ठेवताना दिसतील. परीक्षेत आणि अर्जात डी न ठेवणंच सुरक्षित. मला विचाराल तर लेखनात नकारासाठी ‘नेव्हर’ घ्या: वी नेव्हर यूज्ड टू हॅव इलेक्ट्रिसिटी. वाक्य सुटसुटीत होतं आणि डीचा प्रश्नच उरत नाही.

७. वस्तूचा उपयोग

हे सोपं आहे. कॉटन अँड सिल्क आर यूज्ड टू वीव्ह हिमरू. किंवा ‘फॉर’ घेऊन: आर यूज्ड फॉर वीव्हिंग हिमरू. ‘टू’ असेल तर मूळ रूप, ‘फॉर’ असेल तर आयएनजी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

८. ‘वुड’ची जोडी

मोठा परिच्छेद लिहिताना प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ आलं की वाचायला कंटाळवाणं होतं. पहिलं वाक्य ‘यूज्ड टू’नं सुरू करा, पुढच्या वाक्यांत ‘वुड’ घ्या: माय पेरेंट्स यूज्ड टू लीव्ह आफ्टर दिवाळी. माय ग्रँडमदर वुड कुक फॉर अस. पण ‘वुड’ फक्त पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामाला चालतं, स्थितीला नाही. ‘आमच्याकडे दोन बैल होते’ याला ‘वी यूज्ड टू हॅव टू बुलॉक्स’ म्हणता येतं, ‘वी वुड हॅव’ नाही.

९. एक परिच्छेद दुरुस्त करून बघू

मी वाचतो त्या अर्जांतल्या नेहमीच्या चुका एकत्र करून हा परिच्छेद तयार केला आहे:

माय पेरेंट्स यूज टू गो फॉर केन कटिंग एव्हरी इयर. आय यूज्ड टू लिव्ह विथ माय ग्रँडमदर फॉर सिक्स इयर्स. सो आय ॲम यूज्ड टू मॅनेज अलोन. आय यूज टू स्टडी ॲट नाइट.

पहिल्या वाक्यात लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं: आईवडील अजून जातात का? जात असतील तर ‘माय पेरेंट्स गो’. सोडलं असेल तर ‘माय पेरेंट्स यूज्ड टू गो’. हा निर्णय दुसरं कुणी घेऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतलात तरी हे वाक्य स्वतः वाचा. ‘फॉर केन कटिंग’ ऐवजी ‘टू कट शुगरकेन’ लिहिलं तर बाहेरच्या माणसाला लगेच कळतं.

दुसऱ्यात सहा वर्षं मोजली आहेत, म्हणून ‘आय लिव्ह्ड’. तिसऱ्यात ‘ॲम’ आहे आणि अर्थ सवयीचा, म्हणून ‘मॅनेजिंग’. आणि ‘अलोन’पेक्षा ‘ऑन माय ओन’ बरं. चौथं आजचं आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ.

आईवडील अजून जातात असं धरलं तर परिच्छेद असा होतो:

माय पेरेंट्स लीव्ह होम एव्हरी इयर टू कट शुगरकेन. आय लिव्ह्ड विथ माय ग्रँडमदर फॉर सिक्स इयर्स, सो आय ॲम यूज्ड टू मॅनेजिंग ऑन माय ओन. आय स्टडी ॲट नाइट.

चार चुकलेले ‘यूज’ होते, त्यातला एकच उरला, आणि तोही जिथं हवा तिथंच. मुलं विचारतात, इतकं साधं चालेल का? चालेल. अर्ज वाचणाऱ्याला तुमची गोष्ट कळायला हवी, आणि ती या साध्या वाक्यांत जास्त नीट कळते.

१०. सराव

खालची वाक्यं उत्तरं झाकून इंग्रजीत करा. मराठी वाक्य लिहा, शेवट बघा, मगच इंग्रजी.

आम्ही शेतात हुरडा भाजायचो.
मला लवकर उठायची सवय आहे.
माझी बहीण रोज सायकलनं शाळेत जाते.
मी दोन वर्षं पैठणला शिकलो.
आजीला मोबाइल हळूहळू अंगवळणी पडतोय.
विळा गवत कापायला वापरतात.

उत्तरं याच क्रमानं:

वी यूज्ड टू रोस्ट हुरडा इन द फील्ड.
आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.
माय सिस्टर गोज टू स्कूल बाय बायसिकल एव्हरी डे.
आय स्टडीड इन पैठण फॉर टू इयर्स.
माय ग्रँडमदर इज स्लोली गेटिंग यूज्ड टू द मोबाइल.
अ सिकल इज यूज्ड टू कट ग्रास.

तिसरं आणि चौथं चुकलं असेल तर पायरी ३ आणि ४ परत वाचा. दुसरं किंवा पाचवं चुकलं असेल तर नामाची युक्ती त्याच वाक्यावर लावून बघा. मग तुमचा जुना अर्ज काढा, त्यातल्या प्रत्येक ‘यूज’खाली रेघ मारा आणि शेजारी तुमचं मूळ मराठी वाक्य लिहा.